डिस्कवाले काका

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवारातल्या एखाद्या बोळात, हे काका हमखास भेटतात. दुकान वेगळं, चष्म्याची दोरी तीच. २००३ च्या सुमारास साटा डिस्क आल्या आणि काकांनी नव्या मालाशी अबोला धरला. ‘एवढीशी केबल, तिच्यातून डेटा काय जाणार!’ चाळीस पिनांची, हातभर पट्ट्यासारखी आयडीई केबल म्हणजे कशी, घरंदाज.

त्यांची खरी गिऱ्हाइकं म्हणजे लग्नपत्रिका छापणारे प्रेसवाले. विंडोज ९८, त्यावर पेजमेकर, त्यावर मराठी फॉन्टचं जुनं पॅकेज. त्या पॅकेजचं कुलूप कॉम्प्युटरच्या मागच्या रुंद प्रिंटर-पोर्टात बसतं, आणि नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. शिवाय ते फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी कोंबलेले. दुसरीकडे फाइल उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसती खिचडी. लोक हसतात, पण सगळ्या पेठेच्या पत्रिका ज्या मशीनमध्ये आहेत, ते फेकायचं कसं? मशीन चालतं. मरते ती डिस्क.

‘काका, चाळीस जीबीची आयडीई आहे?’

‘मुलगी आहे. मुलगा कोणत्या सालचा?’

मदरबोर्डचं जन्मसाल कळल्याशिवाय काका खण उघडत नाहीत. त्या काळच्या बायोसची झेपच बेताची: काहींना ८.४ जीबीच्या पुढचं दिसत नाही, काही ३२ ला अडतात, त्यानंतरचे १३७ ला. इथला मुलगा १९९९ चा निघाला. काकांनी चिमट्यानं जंपर हलवला. चाळीसची डिस्क गुमान ‘मी बत्तीसचीच’ म्हणू लागली.

‘आणि उरलेले आठ जीबी?’

‘ते माहेरी राहिले.’

माल सगळा भंगारातून आलेला, पण प्रत्येकीची कुळकथा काकांना पाठ. ‘ही बँकेतली, स्वभावानं शांत. ही सायबर कॅफेतली, हिनं जग पाहिलंय.’ मग डिस्क कानाला लावायची, डोळे मिटायचे. टक्‌टक्‌ ऐकू आली की ती बाद. भाच्यानं एकदा सुचवलं, कॅमेऱ्याचं सीएफ कार्ड साध्या ॲडॅप्टरवर आयडीई डिस्कसारखंच चालतं, खर्चही कमी. खरंच चालतं, काकांनी स्वतः लावून पाहिलं. तरी नापास. ‘आवाजच नाही! मरणार हे कळायचं कसं?’

घोस्ट मारून जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवेपर्यंत दोन चहा होतात. पडद्यावर टक्केवारी सरकत असताना बोलायचं नाही, हा दुकानाचा नियम. काम झाल्यावर प्रेसवाल्यानं पाकीट काढलं आणि विचारू नये ते विचारलं.

‘गॅरंटी किती, काका?’

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘मशीन नव्याण्णवचं, डिस्क दोन हजार चारची, मी बावन्नचा. कुणाची हवी?’