परभणी ते पुणे, फक्त ५४ मिनिटं

परभणीहून पुण्याला विमानाने जायला ५४ मिनिटं लागतात. फोन हे न अडखळता सांगतो. हवाई अंतर ३१७ किलोमीटर. परभणीत विमान कुठून धरायचं, ते मात्र सांगत नाही. ती चौकशी ज्याची त्याने करायची. स्टेशनसमोरच्या रिक्षावाल्याला विचारलं, तर तो आधी आपल्याला नीट न्याहाळतो आणि मग समजुतीच्या सुरात म्हणतो, "नांदेडला जायचंय का साहेब?"

हा हिशेब मोठा सोपा असतो. दोन गावांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातलं कमीत कमी अंतर काढायचं, ताशी आठशे किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर मिळवायचा. धावपट्टीची अट नाही. या रीतीने पालमहून सोनपेठलाही पस्तिसेक मिनिटांत उडत जाता येतं. त्यातली तीस मिनिटं नुसती चढण्या-उतरण्यात जातात, पण विमानप्रवास म्हटला की एवढं सोसावंच लागतं.

खरोखरचं विमान हवं तर नांदेड गाठायचं. म्हणजे पश्चिमेला मुंबईला निघालेल्या माणसाने आधी पूर्वेला जायचं, तेही वेळेच्या दोन तास आधी पोचेल अशा बेताने. मग विमान उडतं (त्या महिन्यात फेरी चालू असली तर) आणि सरळ मुंबईची दिशा धरली की दहा-बारा किलोमीटर दक्षिणेकडून परभणी ओलांडतं. उजवीकडची खिडकी मिळाली आणि हवा स्वच्छ असली, तर सकाळी कुलूप लावून निघालो ते गाव वरून पाहता येतं. तिकिटात हे धरलेलंच असतं.

रेल्वेने मुंबई साधारण साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे रात्रभराचं काम. मनमाडची ही लाइन निजामाच्या काळात, १९०० साली आली. तेव्हा ती मीटरगेज होती, १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाली. पण अजून बराचसा पट्टा एकेरीच आहे. समोरून गाडी येणार असली की आपली गाडी क्रॉसिंगला उभी. बाहेर अंधार, एक पिवळा दिवा आणि चहाची किटली घेतलेला एक माणूस. गाडी किती वेळ थांबणार, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. पण पहिला कप संपेपर्यंत तो सांगत नाही.

मुंबईहून नैरोबी साडेचार हजार किलोमीटर. विमानाला सहा तास लागतात. परभणीकर आणि नैरोबीकर एकाच वेळी आपापल्या जागेवर बसले, तर परभणीकर दादरला उतरेपर्यंत दुसरा आफ्रिकेत सामान घेऊन घरी पोचून जेवायला बसलेला असतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांसाठी फोनवर तीही सोय आहे: फ्रँकफर्ट ६८०० किलोमीटर, नऊ तास. परभणीहून, थेट.

आमच्याकडे किलोमीटर कुणी विचारतही नाही. पुणं किती लांब, असं विचारलं की उत्तर येतं, "जेवून बसायचं, वाकडला उठायचं." जेवून बसलं तरी ट्रॅव्हल्स मध्यरात्री ढाब्यावर थांबतेच. दिवे लावले जातात, क्लीनर एकेकाला हलवून उठवतो आणि बस अर्धा तास उभी राहते. चढण्या-उतरण्याचा म्हणून वर मिळवतात तो अर्धा तास बहुधा हाच.