कानातली गोटमार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मधे पळसाचा झेंडा आणि दोन्हीकडून गोट्यांचा मारा. गोटमारीत मी जन्मात गोटा उचलला नाही. तरी एका पहाटे उजव्या कुशीला वळलो आणि छताचा बंद पंखा गरगर फिरू लागला.

"अवो, बीपी वाढलं असन," बायको म्हणाली. शेजारच्यांनी "पित्त हाये" म्हणून जिरं-साखर आणून दिली. पुतण्यानं मानेच्या मणक्यांवर आळ घेतला आणि माझ्या गळ्यात पट्टा आला. पट्ट्यानं रुबाब वाढला, चक्कर तेवढीच राहिली. जामसावळीच्या देवळातला मारुतिराया निवांत आडवा पहुडलेला. मी मात्र आठ रात्री खुर्चीत बसून काढल्या.

शेवटी नागपुरात एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं मान वळवून मला झटकन आडवं केलं. बुबुळं थरथरली तशी ती खूश झाली. "सापडलं, काका!"

आतल्या कानात चुन्याचे बारीक कण असतात. ते आपल्या पिशवीतून सुटून अर्धगोल नळीत शिरले, की डोकं थांबलं तरी नळीतलं पाणी हलत राहतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. कानानं मला चुना लावला तो असा. 2023 साली आमचं सौंसर छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्ह्यात गेलं, तेव्हा कुणाला भोवळ आली नव्हती. इथं एक कण जागचा हलला तर सगळं घर फिरतं.

इलाज म्हणजे डोक्याला चार वळणं, प्रत्येक वळणावर अर्धा मिनिट थांबायचं, की कण घरंगळत परत पिशवीत. ही रीत जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरनं 1992 साली प्रसिद्ध केली. त्याच्या कितीतरी आधी, कानाच्या याच भागावरच्या कामासाठी रॉबर्ट बारानीला 1914 चं नोबेल मिळालं, तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. मला निदान खुर्ची तरी होती.

कण गेले, पण पायांतली भीती जाईना; भिंत धरून चालायचो. मग अंगठ्यावर नजर रोखून मान हलवायची, टाचेला बोटं लावत चालायचं, असे धडे सुरू झाले. तोल काही एकट्या कानाचा नाही. डोळे आणि तळपायही त्यात भागीदार आहेत. महिनाभरात मी संत्र्याच्या बागेतल्या धुऱ्यावरून चालू लागलो. बायको मागून कंदील घेऊन यायची, मला सावरायला की हसायला, कोण जाणे.

मात्र चकरेबरोबर जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळे पडले, तर धुरा नि जिरं-साखर दोन्ही सोडा आणि त्याच पावली दवाखाना गाठा.