फोडणी रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

न्यू जर्सीतल्या मराठी स्वयंपाकघरात फोडणीवर पहिली टीका सासूची नसते, छतावरच्या पांढऱ्या डब्याची असते. मोहरी तडतडली, हिंग पडला, वर दोन सुक्या मिरच्या पडल्या की डबा किंचाळू लागतो. घरातला कर्ता पुरुष खुर्चीवर चढून टॉवेल फडफडवतो, सून खिडक्या उघडते आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई हातात झारा धरून म्हणतात, "अरे, अजून भाजी घातलीसुद्धा नाही!"

डब्याचं नाव स्मोक अलार्म. त्याच्या दोन जाती आहेत. एकीच्या पोटात अमेरिशियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश असतो. धुराचे कण आत शिरले की तिथला बारीकसा विद्युतप्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. दुसरीत प्रकाशाचा झोत असतो. तो धुरावर आदळून विखुरला की बोंब सुरू. पहिलीला भडकलेला जाळ चटकन कळतो, दुसरीला धुमसणारी गादी. फोडणी झोंबते ती पहिलीलाच जास्त. म्हणून हा डबा शेगडीपासून किमान १० फूट लांब लावावा असा नियम सांगतात. नियम उत्तमच आहे. फक्त एका बेडरूमच्या फ्लॅटात शेगडीपासून १० फूट मोजले की शेजाऱ्याचा सोफा लागतो.

त्यात शेगडीच्या डोक्यावर मायक्रोवेव्ह आणि त्याच्या बुडाला पंखा. पुष्कळ फ्लॅटांत हा पंखा धूर बाहेर टाकतच नाही. कोळशाच्या जाळीतून गाळून तो परत स्वयंपाक करणाऱ्याच्या तोंडावर सोडतो. भाडेकरू वर्षानुवर्षं तो पंखा पूर्ण वेगात लावतात आणि फरक पडल्याचं एकमेकांना सांगतात.

डब्यावरचे देशी उपाय प्रसिद्ध आहेत. हॉटेलातून आणलेली प्लॅस्टिकची शॉवर कॅप त्याला घालणं हा सगळ्यात लोकप्रिय. जेवण होतं, भांडी होतात, पाहुणे जातात, टोपी तशीच राहते. दुसरा उपाय म्हणजे सेल काढून ठेवणं. तो सेल मग टीव्हीच्या रिमोटला बसत नाही म्हणून ड्रॉवरमध्ये लोळत पडतो. तिसरा उपाय सगळ्यात महाग. धूर बाहेर जावा म्हणून फ्लॅटचं मुख्य दार सताड उघडायचं.

इथे एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. फ्लॅटमधला डबा बहुतेक वेळा घरापुरताच ओरडतो. कॉरिडॉरमधला डबा मात्र इमारतीच्या यंत्रणेला जोडलेला असतो. समजा, जानेवारीतली संध्याकाळ आहे. आईंनी कोरड्या तव्यावर ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या भाजायला घेतल्यात. घरातला डबा बोंबलतो, चिरंजीव धावत जाऊन दार उघडतात, धूर कॉरिडॉरमध्ये फेरफटका मारायला निघतो आणि पुढच्या मिनिटाला अख्खी इमारत हिरवळीवर. कुणी पायजम्यात, कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून, कुणी कुत्र्याला कोटात घेऊन. लाल बंब येतो. हेल्मेट, जाड अंगरखे, पाठीवर हवेच्या टाक्या, हातात कुऱ्हाड असे चौघे जण वर चढतात. ठेच्याच्या धुरात आजूबाजूचे सगळे खोकत असतात. खोकला येत नाही तो फक्त मुखवटा लावलेल्या बंबवाल्यांना. आई त्यांना तवा दाखवतात. ते थर्मल कॅमेरा तव्यावर धरतात, एकमेकांकडे बघतात, आणि त्यातला एक अदबीनं सांगतो, "मॅडम, पुढच्या वेळी खिडकी उघडा, दार नको." आई मुलाला विचारतात, "त्यांना थोडा देऊ का डब्यात?"

हे चौघे कोण असतात? मुंबई-पुण्यात बंब म्हणजे महापालिका, गणवेश, पगार आणि पेन्शन. अमेरिकेच्या लहान गावांत तसं नाही. अमेरिकेतल्या दर तीन बंबवाल्यांमधले जवळजवळ दोन स्वयंसेवक आहेत. कुणी नळ दुरुस्त करतो, कुणी शाळेत गणित शिकवते, कुणी विमा विकतो. कित्येक महिने संध्याकाळी प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन ते दलात येतात. कमरेचा पेजर वाजला की ताटावरून उठतात, गाडीला निळा दिवा लावून बंबखाना गाठतात. पोलिसांचा दिवा समजून त्या निळ्या दिव्याला घाबरणारे नवे मराठी चालक पुष्कळ. प्रत्यक्षात ती वाट देण्याची विनंती असते. बंबखान्यात भिंतीशी ओळीनं बूट मांडलेले असतात आणि जाड विजारी त्या बुटांवरच गुंडाळून ठेवलेल्या. पाय बुटात घालायचा, विजार वर ओढायची, पट्टे खांद्यावर टाकायचे. लग्नाच्या सोवळ्याला जो वेळ लागतो त्यात यांची आग विझवून होते.

या प्रथेचं मूळ डेलावेअर नदीच्या पलीकडे, फिलाडेल्फियात आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ साली तिथे युनियन फायर कंपनी स्थापन केली. प्रत्येक सभासदानं चामड्याच्या बादल्या आणि सामान भरून नेण्यासाठी पोती-टोपल्या घरी तयार ठेवायच्या, आग लागली की त्या घेऊन धावायचं आणि महिन्यातून एकदा एकत्र जमायचं. सभेला दांडी मारणाऱ्याला दंड. त्या दंडातूनच पुढे पंप, शिड्या आणि आकडे विकत घेतले गेले. म्हणजे सभासद जितके बेजबाबदार तितकं दल सुसज्ज. कोरमअभावी अर्धा तास तहकूब होणाऱ्या आपल्याकडच्या सोसायट्यांनी ही योजना उचलली असती तर आज प्रत्येक बिल्डिंगच्या दारात स्वतःचा बंब उभा असता.

आजही पैशांची कथा फारशी बदललेली नाही. काही पैसा करातून येतो, बाकीचा पॅनकेकमधून. रविवारी सकाळी बंब अंगणात काढून त्याच्या जागी टेबलं मांडतात आणि काल रात्री छपरावर चढलेला माणूस आज तव्यावर धिरडी उलटत असतो. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांपुढे ते चक्क बूट धरतात. त्यात नोटा टाकायच्या. नाताळात सांताक्लॉजला बंबावर बसवून गावभर फिरवतात. भोंगा ऐकून आई बाल्कनीत धावतात, तर खाली लाल डगल्यातला दाढीवाला चॉकलेटं वाटत असतो. आपल्या मंडळांना हे सगळं ओळखीचं वाटेल. निवेदन करायला चौदा जण आणि खुर्च्या उचलायला दोघं, हे दुखणंही तिथे आहे. १९८४ मध्ये देशात ८ लाख ९८ हजारांच्या आसपास स्वयंसेवक होते. २०२० मध्ये ते ६ लाख ७७ हजारांवर आले. बोलावणी मात्र त्याच काळात कित्येक पटींनी वाढली. त्यात ठेच्याचा वाटा किती, याची वेगळी मोजणी झालेली नाही.

आता डब्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तो उगाच बोंबलत नाही. अमेरिकेत घराला आग लागून जे मृत्यू होतात, त्यांतले पाचात तीन अशा घरांत होतात जिथे अलार्म नव्हता किंवा असून चालत नव्हता. टोपी घातलेला अलार्म या दुसऱ्या गटात मोडतो. आपल्याकडे विटा आणि काँक्रीट. तिथलं घर म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर जिप्समचे तक्ते. आत फोमचे सोफे, पॉलिएस्टरचे पडदे. यूएल या संस्थेनं दोन दिवाणखाने शेजारी शेजारी उभारून पेटवून पाहिले. जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या सामानाची खोली संपूर्ण भडकायला जवळजवळ अर्धा तास लागला. आजच्या सामानाची पाच मिनिटांच्या आत भडकली. पाच मिनिटांत पासपोर्टांची फाइल सापडत नाही, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. तेव्हा फाइल सोडायची, माणसं घ्यायची आणि बाहेर पडायचं. बाहेर कुठे जमायचं ते आधीच ठरवायचं. झोपताना बेडरूमचं दार लावून घ्यायचं. बंद दार आगीला आणि धुराला बराच वेळ अडवतं.

घरगुती आगींचं पहिलं कारण स्वयंपाक आहे आणि तो फक्त आपलाच नव्हे. स्वयंपाकघरातल्या आगींचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस थँक्सगिव्हिंग. त्या दिवशी अंगणात उकळत्या तेलाच्या पिंपात अर्धवट बर्फ असलेली अख्खी टर्की सोडणारे वीर निघतात. पाण्यानं तेलाचं काय होतं हे त्यांना त्या दिवशी समजतं. वाफ होताना पाणी साधारण १७०० पट फुगतं आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडवतं. म्हणून कढई पेटली तर तांब्या विसरायचा. गॅस बंद, वर झाकण, कढई जागेवरच. ती उचलून मोरीत नेण्याचा मोह आवरायचा. आणि झाकण कढईशेजारीच असलं पाहिजे. मांडणीवर सगळ्यात खाली, इडलीपात्राच्या मागे असलेलं झाकण कामाचं नाही.

खरं तर फोडणी क्वचितच घात करते, कारण फोडणी करताना माणूस समोर उभा असतो. घात करतो तो फोन. कढई मंद आचेवर, साताऱ्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल, आणि लग्नाची बोलणी कुठवर आली ते ऐकता ऐकता माणूस दुसऱ्या खोलीत. देवघरातली समई आणि पडदा यांचं नातंही असंच बेभरवशाचं.

डब्याची भाषा शिकायला सोपी आहे. तीन-तीन आवाज म्हणजे धूर. चार-चार म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, तेव्हा "मला तर काही जाणवत नाही" म्हणत बसायचं नाही, बाहेर पडून ९११ ला फोन करायचा. मिनिटाला एकदा 'चिक' म्हणजे सेल संपत आला. हा 'चिक' पहाटे तीनलाच सुरू होतो, कारण थंडीत सेलचा जोर कमी पडतो. १० वर्षांनी अख्खा डबाच बदलायचा. तयार झाल्याची तारीख पाठीवर छापलेली असते. न्यू जर्सीत घर विकताना अलार्म आणि स्वयंपाकघराजवळ अग्निशामक आहे याचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे काही घरांत दहा वर्षं टोपी घातलेला डबा विक्रीच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा नीट श्वास घेतो.

ऑक्टोबरात अग्निप्रतिबंधक सप्ताह असतो. १८७१ सालच्या शिकागोच्या आगीची आठवण म्हणून तो पाळतात. मिसेस ओलिअरी यांच्या गाईनं कंदील लाथाडून ती आग लावली, असा बोभाटा शतकभर होता. १९९७ मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेनं बाई आणि गाय दोघींना निर्दोष ठरवलं. त्या आठवड्यात बंबखान्याचं दार सगळ्यांना उघडं असतं. मुलांना लाल प्लॅस्टिकचं हेल्मेट मिळतं, पाण्याची नळी धरायला मिळते. तेव्हा तिकडच्या मंडळींनी पोरांना आणि आईंना घेऊन जरूर जावं, आणि पत्रपेटीत दरवर्षी येणारं देणगीचं पाकीट पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून देऊ नये. दलात भरती व्हायचं असेल तर अर्ज बंबखान्यातच मिळतो. शिडीची भीती वाटत असेल तरी हरकत नाही. हिशेब लिहायला आणि पॅनकेक उलटायलाही त्यांना माणसं कमीच पडतात.