तीनशे लिटर आणि एक टेबल

मोटारीच्या कंपन्या डिकीचं माप लिटरमध्ये का सांगतात, ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. डिकीतून सुटं दूध नेणारा एकही गृहस्थ माझ्या ओळखीत नाही. मग समजलं की त्यांच्याकडे वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद आणि पाच उंच असे ठोकळे असतात. एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. ते डिकीत कोनाकोपऱ्यापर्यंत रचायचे, किती बसले ते मोजायचं आणि तो आकडा जाहिरातीत छापायचा. म्हणजे आमच्या हॅचबॅकमध्ये कागदोपत्री तीनशे ठोकळे सुखाने राहतात. ठोकळे घेऊन सहलीला जायची पद्धत आमच्या घराण्यात नाही. मला न्यायचं होतं एक टेबल.

टेबलाची मागणी माझी नव्हती, गुडघ्यांची होती. भंडारदऱ्याला जलाशयाच्या काठी तंबू ठोकावा, सतरंजी अंथरावी, मांडी घालून पिठलं-भाकरी खावी, हे सगळं त्यांना मान्य होतं. उठायचं मान्य नव्हतं.

तयार टेबलं बाजारात मिळतात. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लवचीक दोरीत ओवलेल्या, गुंडाळी करून पिशवीत घालता येणारी. काम देखणं असतं, पण पट्टी आणि पट्टी यांच्यामध्ये फट असते. ज्याने हा प्रकार शोधला त्याचा आमटीशी संबंध आलेला नसावा. सँडविच फटीतून गळत नाही. आपलं जेवण मुळात वाहतं: आमटी, ताक, सोलकढी, झालंच तर ताजं पिठलं पहिली दहा मिनिटं. तेव्हा अखंड फळी हवी आणि तिला कडेने बारीक काठ हवा, हे ठरलं. म्हणजे बनवून घेणं आलं.

त्यासाठी दोन माणसं लागली. एक शेजारचे काका, पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त, पण व्हर्नियर कॅलिपरला निवृत्ती न दिलेले. दुसरे आमचे मिस्त्री, जे अजून सुतात बोलतात. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून जरा जास्त. काकांच्या जगात तीन मिलिमीटरला माणसाची नोकरी जाते. मिस्त्रींच्या जगात एखादं सूत रंध्यात निघून जातं.

‘मिस्त्री, कप्प्याला दीड मिलिमीटर क्लिअरन्स ठेवा.’

‘अर्धं सूत ठेवतो, काका.’

‘अर्धं सूत म्हणजे एक पॉइंट सहा होतं.’

‘मग वरचा पॉइंट तुम्ही घेऊन जा.’

डिकी दुरून चौकोनी दिसते, टेप लावला की तसं काही उरत नाही. खालून चाकांच्या कमानी आत घुसतात, वरून मागची काच पुढे झुकते आणि तोंडाशी उंबरठा. आमच्या कमानींच्या मधे भरलं ९८ सेंटिमीटर. बेत असा: प्लायवूडचं एक खोकं, त्यात टेलिस्कोपिक चॅनेलवर सरकणारे दोन खण, एकात शेगडी आणि भांडी, दुसऱ्यात शिधा, आणि खणांच्या खाली एक चपटा कप्पा, त्यात मिटलेलं टेबल.

फळीचा प्रश्न नव्हता, प्रश्न पायांचा होता. जेवायच्या टेबलाची उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास असते. पाय एका तुकड्यात मिटायचा तर फळीची लांब बाजू त्याच्याहून मोठी हवी. पाय मधे दुमडावा तर बिजागरी येते, बिजागरीबरोबर ढिलाई येते आणि ढिलाईबरोबर पातेलं डुलायला लागतं. पाय काढते-घालते ठेवावेत, तर ते घरी राहतात. (हे अनुभवाने नाही, घरातल्या माणसांना ओळखून सांगतो.) उंचीच अर्धी करा, असाही प्रस्ताव आला. त्यावर आई म्हणाली, ‘त्याला चौरंग म्हणतात. देवघरात आहे. सत्यनारायणाच्या आधी परत आणून ठेव.’

वाट दाखवली ती टेक्सासच्या एका गुरंवाल्याने. १८६६ साली चार्ल्स गुडनाइटने लष्कराच्या एका जुन्या गाडीच्या मागच्या अंगाला कप्प्यांचं कपाट बसवलं. झाकण बिजागरीवर खाली पाडलं आणि त्याला पाय लावला की स्वयंपाक्याचं टेबल तयार. दुसरी बाजू गाडीनेच धरलेली. १९९५ साली आलेल्या पहिल्या होंडा सीआर-व्हीत तर डिकीची जमीनच उचलायची, तिचे पाय उघडायचे, की टेबल. हे ऐकून काका बराच वेळ गप्प होते. कारखान्यातल्या माणसाची याहून मोठी दाद नाही. मात्र त्या जमिनीवर ठेवलेलं सामान आधी उतरवावं लागतं. आमचं सामान उतरवायला घेतलं तर त्या मुक्कामाला वस्तीचा दर्जा द्यावा लागेल.

म्हणून गुडनाइट पक्का केला. कप्पा उंबरठ्याच्या पातळीवर घेतला. उरलेल्या खळग्यात चपला. ९० बाय ६२ ची फळी बाहेर ओढायची, तिची आतली कड खोक्याच्या आकड्यात अडकते, बाहेरच्या दोन कोपऱ्यांना दोनच पाय. मिटताना ते फळीच्या लांबीला शेजारी-शेजारी निजतात. उंबरठ्याची उंची नेमकी जेवायच्या टेबलाएवढी निघाली आणि गुडघे प्रसन्न झाले.

जाडीवरून मात्र जुंपली. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १२ मिलिमीटरऐवजी १८ ची फळी घेतली तर वजन दीडपट पण ताठपणा तिपटीहून जास्त, हे काकांनी वहीत सिद्ध केलं. मिस्त्रींनी १२ चीच फळी घेतली, खाली फेविकॉल आणि स्क्रूने दोन उभ्या पट्ट्या मारल्या आणि वर स्वतः बसले. काकांनी वही मिटली. शिवाय पाय निजतात ते त्याच पट्ट्यांच्या मधे, म्हणजे कप्प्याची उंची वाढलीच नाही. प्लाय कुठलं, यावर मात्र दोघांचं एकमत होतं: सातशे-दहा. आयएस ७१० हा आपल्याकडे मरीन प्लायच्या मानकाचा क्रमांक. आमची गाडी समुद्रात जात नाही, पण ताक सांडतं.

उघडलेल्या टेबलाची सगळे तारीफ करतात. खरी कसोटी मिटलेल्या टेबलाची, कारण ते मुक्कामी तासभर उभं असतं आणि एरवी वर्षभर पुण्याच्या खड्ड्यांतून आडवं फिरतं. काकांचा दीड मिलिमीटर सिंहगड रस्त्यावर इतका खडखडला की मागे काहीतरी तुटलंय, असं दोन रिक्षावाल्यांनी सांगितलं. शेवटी कप्प्याला आतून नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या आणि क्लिअरन्स हा विषय चर्चेतून गेला.

एक गोष्ट गुडनाइटला भेडसावली नसावी. जेवताना आत्या मागच्या सीटवर जाऊन बसली की गाडीची स्प्रिंग दबते, टेबलाची एक बाजू खाली जाते आणि ताक डिकीकडे निघतं. पायांना फिरवून उंची बदलता येणारे बूट आता लावले आहेत. आत्याला सांगायची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

बायकोने सगळं पाहिलं, खण ओढून पाहिले, टेबलावर कोपर टेकवून पाहिलं. ‘छान झालंय,’ ती म्हणाली. ‘आता बॅगा कुठे ठेवायच्या?’

तर गाड्या बनवणाऱ्यांना विनंती आहे. लिटर छापायचे तर छापा, पण शेजारी तीन साधी मापं द्या: चाकांच्या कमानींमधलं अंतर, उंबरठ्याची जमिनीपासूनची उंची आणि डिकीच्या तोंडाची उंची. तुमच्या नकाशांत ती असणारच. तोवर वाचकहो, गाडी बघायला जाताना खिशात टेप घेऊन जा. शोरूममध्ये चहा मिळतो, टेप मिळत नाही.