आउटरला थांबलेली गाडी

उतारवयातल्या बद्धकोष्ठाचे खापर सहसा तिघांवर फुटते: वयावर, तुरीच्या वरणावर आणि सुनेवर. चौथा आरोपी, म्हणजे औषधांची पिशवी, खुंटीला लटकून सगळे ऐकत असतो. त्याची साधी चौकशीही होत नाही. वैद्यकाच्या पुस्तकाला आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, कुंथावे लागणे, खडे पडणे किंवा होऊनही पोट मोकळे न वाटणे एवढे पुरते. वर्धा जिल्ह्यातल्या ज्येष्ठांचा निकष याहून कडक आहे. सकाळच्या चहानंतर अर्ध्या तासात कार्यक्रम उरकला नाही, तर तो दिवस फुकट. त्यामुळे काही निरोगी म्हातारे रोज चूर्ण फाकतात, आणि खरोखर अडलेले म्हातारे ते दुःख शेजाऱ्याला, किराणावाल्याला आणि एसटीतल्या अनोळखी प्रवाशाला सांगतात. डॉक्टरला तेवढे सांगत नाहीत.

खरे म्हणजे या विषयाची लाज वर्ध्यात तरी कोणाला वाटू नये. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले. पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले. आश्रमात पोट हा खाजगी मामला नव्हता. एनिमा, कटिस्नान आणि मातीची पट्टी हे तिथले नित्याचे उपचार होते. गांधीजींना स्वतःला जोहान्सबर्गमध्ये बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी छळत असे, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. सकाळची न्याहारी सोडली तेव्हा डोके थांबले, पोट मात्र ऐकेना. कटिस्नानाने थोडा उतार पडला. शेवटी आडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचे पुस्तक वाचून त्यांनी ओली माती फडक्यात घालून रात्री पोटावर बांधली आणि गुण आला. गांधीभक्तांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: बापूंच्या उशाशी रक्तदाबाची, गुडघ्याची, झोपेची आणि लघवीची अशी वेगवेगळ्या डॉक्टरांची गोळी नव्हती.

आतड्याचे काम दोन गोष्टींवर चालते: भिंतीतल्या स्नायूंची लाट आणि आत टिकून राहिलेले पाणी. औषधे यांपैकी एकीवर किंवा दोहोंवर घाला घालतात. ॲसिटिलकोलीन हे रसायन स्नायूंना हुकूम पोचवते. सर्दीची क्लोरफेनिरामीन, नसांच्या दुखण्याची किंवा झोपेची ॲमिट्रिप्टिलीन, कंपवातातली ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीची घाई थांबवणारी ऑक्सिब्युटिनिन ही मंडळी तो हुकूम मधेच अडवतात. तोंड कोरडे पडते, लघवी अडखळते आणि आतडे स्वस्थ बसते. व्हेरापामिल स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरू देत नाही, मग आकुंचन ढिले पडते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲल्युमिनियमयुक्त आम्लपित्तनाशके, सुक्राल्फेट हेही त्याच गोटातले. लघवी वाढवणारी औषधे अंगातले पाणी काढून नेतात. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, त्यात रात्री उठावे लागू नये म्हणून म्हाताऱ्यांनी संध्याकाळपासून पाणी तोडलेले असते. उरलेले काम गोळी करते.

या टोळीचा म्होरक्या अफूच्या कुळातला. कोडीन, ट्रामाडॉल, मॉर्फिन. ही औषधे मेंदूत वेदना दाबतात आणि आतड्यातल्या त्याच जातीच्या ग्राहींना चिकटून पुढे ढकलणारी लाट मोडून टाकतात. सेवाग्राम स्टेशनाच्या आउटरला मालगाडी उभी राहावी तसा सगळा माल जागच्या जागी थांबतो. थांबला की त्यातले पाणी शोषले जाते, आणि जितका वेळ जाईल तितका तो टणक होत जातो. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत अंगवळणी पडते, बद्धकोष्ठ पडत नाही. म्हणून मॉर्फिन सुरू करतानाच जुलाबाचे औषध जोडीला द्यावे, असा वैद्यकातला दंडक आहे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा स्वभाव बरोबर उलटा, पोट सैल करण्याचा. पण दोघांना एकाच पोटात घालून हिशेब जुळेल, या भरवशावर कोणी राहू नये.

एकेकटी गोळी बऱ्याचदा निरुपद्रवी असते. घोळ होतो तो साखळीने. देवळीचे एखादे आबाजी घ्या. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू झाली, पाय सुजले. सूज म्हणजे नवा आजार समजून लघवीची गोळी आली. तिने दिवसभर संडासच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा फेऱ्या थांबवायला ऑक्सिब्युटिनिन आली. तिने लघवीबरोबर दुसरा दरवाजाही बंद केला, म्हणून पोट साफ करणारे सिरप आले. कापडाच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीत आता अर्धवट कापलेल्या पट्ट्या आहेत. नाव आणि मुदत कापलेल्या तुकड्यावर गेली, उरलेल्यावर नुसते ‘मि.ग्रॅ.’ दिसते. ओळख रंगावरून: पिवळी सकाळची, गुलाबी झोपेची, अन् ही पांढरी कायची, ते सूनबाईला माहीत. ओपीडीत संवाद होतो तो असा: ‘आबाजी, भूक?’ ‘लागते.’ ‘झोप?’ ‘येते.’ ‘संडास साफ होते?’ यावर आबाजी आधी मागे उभ्या असलेल्या सुनेकडे पाहतात, मग छताकडे, आणि म्हणतात, ‘हो, होते ना बाप्पा.’ बाहेर आल्यावर सून विचारते, ‘मामाजी, सांगितलं काऊन नाही?’ ‘सगळ्या लायनीसमोर सांगू काय?’

घरगुती उपायांत पहिला मान खर्ऱ्याचा. तंबाखूतले निकोटिन आतड्याला चाळवते हे खरे. तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्याच पुडीत बांधून मिळतो, हेही तितकेच खरे. एरंडेल काही तासांत पोट धुऊन काढते, पण अशक्त म्हाताऱ्याचे पाणी आणि क्षारही धुऊन नेते. पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. अडीअडचणीला ती चांगली, पण पुडीवर ‘आयुर्वेदिक’ छापलेले असल्याने प्रमाण कोणी पाहत नाही. इसबगोल भला माणूस आहे, पण त्याला पेलाभर पाणी लागते. चमचाभर इसबगोल दोन घोटांत गिळला तर तो आतच फुगून वाट बुजवतो. अंथरुणाला खिळलेल्याला किंवा मॉर्फिनवर असलेल्याला तो देऊच नये. तिथे लॅक्टुलोज, पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा रात्री बिसाकोडिल असा हिशेब डॉक्टर लावतात. लॅक्टुलोजला गुण यायला एक ते तीन दिवस लागतात आणि तोवर गॅस होतो. घरच्यांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सर्वात फसवा प्रकार म्हणजे मळ गच्च बसून त्याच्या कडेने पातळ पाझरणे. घरचे म्हणतात हगवण लागली, आणि हगवण थांबवणारी गोळी देतात. म्हणजे आउटरच्या गाडीला मागून आणखी एक गाडी लावतात. अचानक बरळणे, लघवी तुंबणे, पोट फुगून ओकाऱ्या होणे, रक्त पडणे किंवा विनाकारण वजन उतरणे यांतले काही दिसले, तर चूर्णाच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठावा.

रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी मनानेच बंद करणे हा उपाय नव्हे. कोणती कमी करता येईल, कोणती बदलता येईल हे डॉक्टरला ठरवू द्यावे. त्यासाठी सगळी पिशवी, सर्दीच्या गोळीसकट आणि चूर्णाच्या डबीसकट, टेबलावर उलटी करावी. गुडघे गेल्यावर आलेल्या कमोडसमोर वीतभर उंचीचा पाट ठेवून त्यावर पाय टेकले तर गुडघे कंबरेच्या वर येतात आणि उकिडवे बसल्यासारखी गुदमार्गाची वाट सरळ होते. पाट सरकता नको आणि हाताशी दांडी हवी. जेवणानंतर आतड्याची लाट आपोआप उठते, म्हणून चहा-न्याहारीनंतरची वेळ उत्तम. नेमका तेव्हाच नातू आंघोळीला घुसलेला असतो; त्यावर मात्र कोणत्याही औषधशास्त्रात उतारा नाही.