कोनशिला आणि बिंदुनामावली

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठाचे प्रमुख कार्यकारी व धोरण ठरवणारे प्राधिकरण म्हणजे व्यवस्थापन परिषद होय. मात्र तिच्यापुढे इमारतीचा विषय जितक्या सहजी मार्गी लागतो, तितक्या सहजी त्या इमारतीत शिकवणाऱ्या अध्यापकाचा लागत नाही. इमारतीला नकाशा, अंदाजपत्रक आणि निविदा पुरतात, शिवाय कोनशिलेवर मान्यवरांची नावे हुद्द्यांसह कोरता येतात. अध्यापकाच्या पदाला मात्र शासनाची मान्यता, वित्त विभागाची संमती, बिंदुनामावली, म्हणजे कोणत्या क्रमांकाचे पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे सांगणारी सारणी, जाहिरात आणि निवड समिती एवढे सोपस्कार लागतात, आणि इतके करूनही त्याच्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही ते नाहीच. तोवर वर्ग ‘तासिका तत्त्वा’वर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरते मानधन देऊन, चालवले जातात. कंत्राटी नेमणुका एकूण अध्यापक पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम सांगतात; ते ग्रंथालयात उपलब्ध असतात, ग्रंथपालाचे पद भरलेले असल्यास. नव्या इमारतीतील सभागृह बाराही महिने वातानुकूलित असते. तिथे शिकवणाऱ्याला मात्र, मे महिन्यात तासच नसल्याने, मानधन मिळत नाही.