चौदा मिनिटांच्या बाई

नेरूळ, सीवूड्स, खारघर या पट्ट्यात एखाद्या तरी बाई अशा भेटतात, की ज्यांच्याबद्दल शेजाऱ्यांचं मत एकच असतं: पूर्वी मोकळ्या होत्या, हल्ली शिष्ट झाल्यात. पूर्वी म्हणजे कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या तेव्हा. हल्ली म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेत तोंडी भागाच्या अर्धवेळ परीक्षक झाल्यापासून. पुरावेही तयार असतात. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून रण पेटलेलं असताना बाई निर्विकार बसतात. कुणाला ‘बरोबर आहे’ म्हणत नाहीत, कुणाला ‘भलतंच काय’ म्हणत नाहीत, आणि एखादे काका बोलायचे थांबतच नाहीत असं दिसलं की ‘थँक यू’ म्हणून पुढच्या माणसाकडे वळतात. पुरावे खरे आहेत, निष्कर्ष तेवढा चुकलाय. ही घमेंड नव्हे. बाईंची आयुष्यभराची एक खोड मोडली, त्याची ही खूण आहे. आणि ती खोड काही एकट्या बाईंची नाही, आपल्याकडच्या समस्त इंग्रजी शिक्षकवर्गाची आहे.

खोड म्हणजे चूक दिसली की झडप घालायची. तर्खडकरांच्या पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांनी इंग्रजी शिकवलं ते लाल शाईनं. 2000 साली राज्यातल्या शाळांत इंग्रजी पाचवीवरून पहिलीवर आलं, पण शाईचा रंग तोच राहिला. ज्याला वाघिणीचं दूध म्हणायची आपल्याकडे रीत आहे, ते पाजण्यापेक्षा सांडलं म्हणून ओरडण्यातच आपला वेळ जास्त गेला. अशी सवय मुरलेल्या बाई पदवी, अध्यापनाची पात्रता आणि मोठ्या माणसांना शिकवल्याचा अनुभव घेऊन परीक्षक व्हायला जातात, आणि तिथे त्यांना पहिली गोष्ट सांगितली जाते ती म्हणजे शिकवायचं नाही. 1989 साली सुरू झालेल्या या परीक्षेची मुलाखत 11 ते 14 मिनिटांची, तीन भागांची. पहिल्या भागात उमेदवाराला प्रश्न कळला नाही तर तोच पुन्हा वाचायचा. फोड करून सांगायचा नाही. दुसऱ्या भागात विषय लिहिलेलं क्यू कार्ड हातात द्यायचं, विचाराला एक मिनिट, बोलायला फार तर दोन; मग आजोबांच्या आजारपणाची कथा आयसीयूच्या दारात पोचलेली असली तरी थांबवायचं. शाबासकी नाही, दुरुस्ती नाही, बँड, म्हणजे गुण, किती दिले ते चेहऱ्यावर उमटता कामा नये. सगळं रेकॉर्ड होतं, आणि दर दोन वर्षांनी बाईंनाच आपली पात्रता नव्यानं सिद्ध करावी लागते. उमेदवार घाबरलेला असतो हे सर्वांना ठाऊक असतं. बाई त्याच्याहून जास्त बांधलेल्या असतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता समोर खारघरचा एक तरुण बसलाय असं समजा. तो म्हणतो, ‘आय ॲम लिव्हिंग इन खारघर सिन्स फिफ्टीन इयर्स.’ या एका ‘सिन्स’वर बाईंनी पंचवीस वर्षं पगार घेतलेला असतो. पेन्सिल बोटांत वळते. ओठ ‘फ’च्या आकारात येतात. पण ‘फॉर’ बाहेर पडत नाही, कारण पुढचा छापील प्रश्न वाट पाहत असतो. आणि न टोकलेला तो पोरगा सुटतो. पांडवकड्याच्या धबधब्याला पावसात जायला बंदी का घालतात, पोलीस कुठे उभे असतात, तरी मुलं मागच्या वाटेनं कशी चढतात, आई कशी शिव्या घालते, हे सगळं व्याकरणाच्या तंगड्या तोडत, पण न अडखळता सांगतो. गुण चार गोष्टींना सारखे: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. म्हणजे जिच्यासाठी बाईंनी हयात घालवली ती बाब एक चतुर्थांश. हे कागदावर वाचणं वेगळं आणि दर शनिवारी कानानं ऐकणं वेगळं. वर्गात हाच मुलगा पहिल्या वाक्याला गप्प झाला असता, आणि बाईंनी शेरा मारला असता, ‘बोलत नाही.’

यावर आक्षेप येतात. पैशासाठी करतात, हा पहिला. करतात की, शनिवार-रविवार फुकट घालवायला सांगणाऱ्यांनी आपली रविवारची दुपार आधी देऊन बघावी. दुसरा आक्षेप गंभीर आहे: वाशीच्या इस्पितळातली नर्स उत्तम काम करते, तरी ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला बोलण्यात 7 बँड लागतात, आणि साडेसहावर अडकली तर पुन्हा फी, पुन्हा परीक्षा. बाई या फाटकावरच्या रखवालदार नाहीत का? आहेत. पण फाटकाची उंची त्यांनी ठरवलेली नाही, आणि दयेपोटी अर्धा बँड वाढवला तर तो खऱ्या 7वालीच्या रांगेतूनच काढावा लागतो. तिसरा आक्षेप तरुणांचा: पीटीईसारख्या परीक्षेत बोलणं मुख्यतः संगणकच तपासतो, मग माणूस कशाला? छापील प्रश्न वाचणारी, चेहरा न हलवणारी बाई तसंही यंत्रच झालीय ना? इथे थोडं मान्य करायला हवं; नियमांचा रोख त्याच दिशेला आहे. पण यंत्राला ‘फॉर’ म्हणावंसं वाटत नाही, त्यामुळे ते गिळण्याचं पुण्यही त्याच्या खात्यावर जमा होत नाही. शिवाय यंत्राला भाचे नसतात.

बाईंना असतात. कॅनडाची फाईल लावलेला भाचा स्वयंपाकघरात येऊन विचारतो, ‘मावशी, खरं सांग, माझे किती येतील?’ नातलगाची परीक्षा घ्यायची नाही, आणि अंदाज सांगणं तर त्याहून वाईट. मावशी कढईत पोहे परततात. ‘अरे, कांदेपोहे घेणार ना?’ तो सवयीनं सराव चालू ठेवतो: ‘येस, आय ॲम वॉन्टिंग.’ मावशींचा चेहरा तसाच. भाचा पोहे खाऊन, चिडून जातो आणि बहिणीला फोन करतो की मावशी फार शिष्ट झालीय.